बटण दाबण्यापूर्वी
(डिजिटल कॅमेऱ्यातून फिल्मसारखे छायाचित्र)

प्रस्तावना

घरातील जुन्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेली छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांतील सर्वांत जुनी कृष्णधवल छायाचित्रे नीट न्याहाळली, तर एक गोष्ट ध्यानात येते. आजीच्या किंवा पणजीच्या कपाळावरचे कुंकू पुष्कळदा काळेभोर दिसते आणि मागचे निरभ्र आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. पुढच्या काळातील रंगीत छायाचित्रे पाहावीत, तर त्यांवर पिवळसर किंवा तांबूस झाक पसरलेली आढळते. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र याहून स्वच्छ आणि रेखीव असते. तरीही आज अनेक छायाचित्रकार त्या जुन्या रूपाचा मुद्दाम शोध घेतात, आणि कॅमेरे तयार करणाऱ्या कंपन्यांनीही तसे रूप देणारी व्यवस्था कॅमेऱ्यातच केलेली आहे.

ही व्यवस्था कशी वापरावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत. मात्र त्याआधी कुंकू काळे का दिसते, हे समजून घेतले पाहिजे. ते न समजता कॅमेऱ्यातील कळी फिरवीत बसणे म्हणजे अर्थ न कळता पाठांतर करणे होय.

फिल्मचा स्वभाव

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढवलेला जिलेटिनचा पातळ थर. त्यात चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि रोल धुताना त्या बदललेल्या स्फटिकांची काळी चांदी बनते. हे क्षार मुळात निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतात. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश कळत असे. लाल मात्र जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल कुंकू काळे आणि निळे आकाश पांढरे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला, तोही अशाच लाल न ओळखणाऱ्या फिल्मवर. त्या फिल्मला कडेची छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके घरात अंधार करून करीत असत. पुढे सर्व रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि कुंकवाला त्याची योग्य छटा मिळू लागली.

रंगीत फिल्ममध्ये असे थर एकावर एक असतात आणि धुताना त्यांत पिवळा, किरमिजी व निळसर असे तीन रंग तयार होतात. हे तीन रंग एकाच गतीने फिके होत नाहीत. एक आधी उडतो, दुसरा टिकून राहतो, आणि छायाचित्रावर झाक येते. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. छायाचित्र ज्या दिवशी धुऊन हाती आले, त्या दिवशी ते असे पिवळे नव्हते. ते पुढे उन्हाने, उष्णतेने आणि काळाने झाले. मोबाइलमधील ‘जुने’ म्हणून मिळणारे पुष्कळसे फिल्टर फिल्मची नव्हे, तर फिल्मच्या झिजेची नक्कल करतात. लग्नात काढलेले छायाचित्र पहिल्याच दिवशी चाळीस वर्षांचे दिसावे, ही हौस मला तरी फारशी पटत नाही. आपण ज्याचा अभ्यास करणार आहोत, ते ताज्या फिल्मचे रूप आहे.

हे रूप तीन गोष्टींनी बनते. प्रखर उजेडाचे भाग फिल्मवर एकाएकी पांढरे पडत नाहीत. ते हळूहळू उजळत जातात. डिजिटल संवेदकाची मर्यादा संपली, की तेथे केवळ कोरा पांढरा डाग उरतो. दुसरी गोष्ट रंगांची. प्रत्येक फिल्मचा रंगांकडे पाहण्याचा कल कारखान्यातच ठरलेला असे आणि तो रोलभर बदलत नसे. तिसरी गोष्ट कणांची. फिल्मवरील कण करड्या, मध्यम छटांत अधिक जाणवतात. डिजिटल छायाचित्रातील खरखर मात्र अंधाऱ्या भागांत जास्त दिसते.

पाठगत प्रश्न : तुमच्या घरातील एखाद्या जुन्या रंगीत छायाचित्रावर आज जी झाक दिसते, ती फिल्मच्या मूळ स्वभावामुळे की काळामुळे? हे कशावरून ठरवाल?

चेहरा कोणाचा?

फिल्मचा कल कारखान्यात ठरत असे, असे आपण म्हटले. तो कोणासाठी ठरत असे, हाही प्रश्न विचारावयास हवा. रंगीत छायाचित्रांचे छपाईयंत्र जुळवताना प्रयोगशाळांना कोडॅक कंपनीकडून एक नमुनाचित्र मिळे. त्यात एक गोरी स्त्री असे. अशा पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. तिची त्वचा नीट उमटली की यंत्र बरोबर जुळले, असे समजले जाई. परिणामी सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांवरील बारकावे हरवत. डोळे आणि दात तेवढे उठून दिसत. यात सुधारणा होण्यास ज्या तक्रारी कारण झाल्या, त्यांत चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या, असे संशोधकांनी नोंदवले आहे. त्यांना आपल्या मालातील तपकिरी छटांचे भेद जाहिरातीत दिसावयास हवे होते. माणसांच्या चेहऱ्याआधी लाकडाचा विचार झाला, ही नोंद विसरण्याजोगी नाही.

भारतातही फिल्म तयार होत असे. तामिळनाडूतील उदगमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे ‘इंदू’ नावाचे कृष्णधवल रोल एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत वापरले जात. हा कारखाना आज बंद झालेला आहे. आजच्या कॅमेऱ्यांत ज्यांच्या रूपांची नक्कल सापडते, त्या फिल्म मात्र परदेशातील आहेत. म्हणून कॅमेऱ्यात एखादे रूप निवडताना ते आपल्या माणसांच्या वर्णाला न्याय देते की नाही, हे तपासण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

सरावाची जागा : चंडीगडचा सेक्टर ३४

छायाचित्रणाचा अभ्यास हवेत करता येत नाही. त्यासाठी एक जागा आणि तिथला उजेड लागतो. उदाहरणासाठी आपण चंडीगड शहरातील सेक्टर ३४ घेऊ. लष्करातील किंवा बँकांतील बदल्यांमुळे मराठी माणसे त्या शहरात जात असतात. तुमच्यापैकी कोणी तेथे राहतही असेल. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९५१ साली या शहराचा आराखडा केला, तेव्हा त्यांनी ते सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा चौकटींत विभागले. सेक्टर ३४ शहराच्या दुसऱ्या टप्प्यातील आहे. येथे एक मोठे व्यापारी केंद्र, शिकवणी वर्गांची गर्दी, गुरुद्वारा, आणि प्रदर्शने व जत्रा भरणारे विस्तीर्ण मैदान आहे. शहरात सर्वत्र आढळणारी उघडी वीट, न रंगवलेले काँक्रीट आणि दुकानांपुढील खांबांचे व्हरांडे यांमुळे ऊन व सावली यांची सीमारेषा येथे ठळक असते. आपल्या अभ्यासाला हेच हवे आहे.

आणखी एक कारण आहे. चंडीगड सुमारे ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही तेथे सूर्य क्षितिजापासून अवघा ३६ अंश वर येतो. पाच फूट उंचीच्या माणसाची सावली तेव्हा जवळजवळ सात फूट पडते. त्याच दिवशी मुंबईत ती साडेचार फुटांच्या किंचित पुढे असते. जूनमध्ये मात्र सूर्य चंडीगडलाही जवळपास डोक्यावर येतो, आणि व्हरांड्याबाहेरचा उजेड डोळे दिपवणारा होतो. पौष महिन्यात सकाळी धुके असले, तर सावलीच नसते. एकाच जागी हे तीन प्रकारचे उजेड मिळतात आणि त्या प्रत्येकाला कॅमेऱ्याची मांडणी निराळी लागते.

पहिले काम : रंगाचा तोल

कॅमेऱ्याच्या सूचीत ‘व्हाइट बॅलन्स’ नावाची सोय असते. ती ‘ऑटो’वर असली, तर कॅमेरा प्रत्येक उजेड पांढरा करण्याचा प्रयत्न करतो. संध्याकाळची केशरी उन्हे तो पुसून टाकतो आणि सावलीतील निळेपणाही. फिल्मला हे जमत नसे. बाजारात मिळणारा नेहमीचा रोल दुपारच्या उन्हासाठी, म्हणजे सुमारे ५५०० केल्विन या मापाच्या प्रकाशासाठी जुळवलेला असे. बल्बखाली तो नारिंगी आणि ट्यूबलाइटखाली हिरवट दिसे. फिल्मसारखे रूप हवे असेल, तर सर्वप्रथम हा तोल ‘डेलाइट’वर, म्हणजे सूर्याच्या चिन्हावर ठेवा आणि दिवसभर तेथून हलवू नका.

सेक्टर ३४ मधील एखाद्या व्हरांड्यात संध्याकाळी उभे राहून हा प्रयोग करावा. बाहेरची वीट तांबूस सोनेरी दिसेल, आतली सावली निळसर राहील, आणि दुकानातील दिव्यांची झाक तिसरीच असेल. तीन रंगांचे हे सहअस्तित्व हेच फिल्मच्या रूपाचे निम्मे मर्म आहे. चेहरा पूर्ण सावलीत असेल, तर निळेपणा फार वाटू शकतो. फिल्मच्या काळात छायाचित्रकार अशा वेळी भिंगावर फिकट पिवळसर काच चढवीत. कॅमेऱ्यात रंगाचा तोल किंचित पिवळ्याकडे सरकवला, की तेच काम होते.

प्रकाशाची मात्रा

फिल्म दोन जातींची होती. स्टुडिओत धुऊन कागदावर छापली जाणारी निगेटिव्ह, आणि पडद्यावर दाखवायची पॉझिटिव्ह किंवा स्लाइड. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहज सोसत असे; म्हणून सावलीचा विचार करून प्रकाश मोजावा, असा नियम होता. स्लाइडला जास्त प्रकाश सोसत नसे. तेथे उजेडाचा भाग सांभाळावा लागे. डिजिटल संवेदक या बाबतीत स्लाइडचा भाऊ आहे. म्हणून जूनच्या दुपारी मैदानात छायाचित्र काढताना अधिक-उणे चिन्हाची कळ उणे एकतृतीयांश किंवा दोनतृतीयांशावर न्यावी. पांढरा तंबू, पांढरी पगडी, पांढरी भिंत यांवरील बारकावे टिकले की नाही, हे आधी पाहावे.

मग निगेटिव्हचे मऊ, उजळ रूप कसे साधावे? केवळ प्रकाश वाढवून ते साधत नाही. उजेडाचे भाग फुटतात. त्यासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत ‘डायनॅमिक रेंज’ किंवा तत्सम नावाची सोय असते. ती चालू केली, की कॅमेरा प्रत्यक्षात कमी प्रकाश घेतो आणि नंतर सावलीचे व मध्यम भाग उजळवतो. याच कारणाने काही कॅमेरे ती सोय वापरताना आयएसओचा आकडा वाढवून मागतात. तो कॅमेऱ्यातील दोष नाही, हे लक्षात ठेवावे. याखेरीज ‘हायलाइट’ची पट्टी एक पायरी खाली आणल्यास प्रखर भाग फिल्मप्रमाणे सौम्य होतात.

रूपाची निवड

आता मुख्य भागाकडे येऊ. कॅनन कंपनी या सोयीला ‘पिक्चर स्टाइल’ म्हणते, निकॉन ‘पिक्चर कंट्रोल’, आणि फुजीफिल्म ‘फिल्म सिम्युलेशन’. फुजीफिल्म स्वतः फिल्म तयार करणारी कंपनी असल्याने तिने आपल्याच फिल्मची नावे कॅमेऱ्यातील रूपांना दिली. १९९० साली आलेल्या ‘वेल्विया’ या स्लाइड फिल्मचे रंग अतिशय गडद असत. निसर्गदृश्ये टिपणाऱ्यांची ती आवडती होती. उन्हाळ्यात चंडीगडच्या रस्त्यांवर बहावा फुलतो, तेव्हा त्या पिवळ्या घोसांना वेल्विया शोभते. तेच रूप माणसाच्या चेहऱ्याला लावले, तर सावळी त्वचा तांबडी होते. चेहऱ्यांसाठी ‘अस्टिया’ किंवा ‘प्रो नेग’ ही मऊ रूपे अधिक योग्य. ‘एटर्ना’ हे नाव चित्रपटांच्या फिल्मवरून आले. ती फिल्म बनवणे कंपनीने २०१३ साली थांबवले, रूप मात्र २०१८ पासून कॅमेऱ्यांत मिळू लागले. २०१४ साली आलेल्या ‘क्लासिक क्रोम’मध्ये रंग काहीसे दबलेले असतात आणि सावल्या घट्ट. सेक्टर ३४ मधील वीट आणि काँक्रीट यांना हे रूप चांगले साथ देते, असे माझे मत आहे. फुगे, खेळणी आणि पाळण्यांनी भरलेली जत्रा मात्र त्यात उदास वाटेल.

ज्यांच्या कॅमेऱ्यात ही नावे नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. ‘न्यूट्रल’ रूप घ्यावे, उठाव एक पायरी कमी करावा, रंगांचा गडदपणा आवश्यकतेनुसार थोडा वर-खाली करावा. धार वाढवणारी ‘शार्पनेस’ची पट्टी खाली आणावी, कारण डिजिटल छायाचित्राची ओळख पटते ती कडांवरील या कृत्रिम धारेमुळे. खरखर पुसणारी ‘नॉइज रिडक्शन’ही कमी ठेवावी. कण देण्याची सोय असेल, तर ती सर्वांत शेवटी वापरावी. कणांनी वाईट छायाचित्र चांगले होत नाही. मोबाइलमध्येदेखील ‘प्रो’ किंवा तत्सम विभागात रंगाचा तोल आणि प्रकाशाची मात्रा हाताने ठरवता येते.

कृष्णधवल आणि कुंकू

कृष्णधवल रूप निवडले, की पुष्कळ कॅमेऱ्यांत पिवळा, लाल, हिरवा असे फिल्टर निवडता येतात. नियम सोपा आहे : फिल्टरच्या रंगाची वस्तू उजळते आणि विरुद्ध रंगाची काळवंडते. लाल फिल्टरने निळे आकाश गडद होते आणि विटांची भिंत उजळते. फ्रेंच छायाचित्रकार ल्युसिएन एर्व्हे यांनी १९५५ आणि १९६१ साली चंडीगडला येऊन ल कॉर्ब्युझिए यांच्या इमारतींची जी कृष्णधवल छायाचित्रे काढली, ती गडद सावल्या आणि उजळ पृष्ठभाग यांच्या ठाम भेदावर उभी आहेत. सेक्टर १ मधील उच्च न्यायालय त्यांनी टिपले. तसा परिणाम हवा असेल, तर डिसेंबरातील तिरपे ऊन, लाल फिल्टर आणि ‘शॅडो’ची पट्टी दोन पायऱ्या गडद बाजूला, एवढी तयारी पुरे.

पण त्याच मांडणीने एखाद्या बाईंचे छायाचित्र काढा. कुंकू जवळजवळ नाहीसे होईल, ओठ फिकट पडतील, आणि सावळा चेहरा गोरा दिसू लागेल. छायाचित्र काढून घेणारी व्यक्ती कदाचित खूश होईल. ‘जरा उजळ काढा’ ही मागणी स्टुडिओंना नवी नाही. व्यवसाय करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न एक दिवस सोडवावा लागतो. माझे मत असे की, चेहऱ्यासाठी हिरवा फिल्टर घ्यावा. त्याने कुंकू गडद होते, त्वचेची खरी छटा आणि तिच्यावरील वयाच्या रेषा स्पष्ट उमटतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मच्या सर्वांत जवळचे रूपही हेच. आजीच्या छायाचित्रातील काळे कुंकू आजही असे मिळवता येते. ज्यांना ते कठोर वाटेल, त्यांनी फिल्टर न लावता काढावे. लालकडे मात्र जाऊ नये.

छत्तीस छायाचित्रे

‘रॉ’ प्रकारात साठवलेल्या छायाचित्रावर या मांडणीचा कायमचा परिणाम होत नाही. ते पुढे संगणकावर हवे तसे बदलता येते. ‘जेपेग’ प्रकारात मात्र कॅमेऱ्याने ठरवलेले रूप पक्के होते. म्हणून पुष्कळ जण रॉच घ्यावे असा सल्ला देतात, आणि पैसे घेऊन केलेल्या कामासाठी तो योग्यही आहे. शिकताना मी उलट सांगेन. निदान महिनाभर केवळ जेपेग वापरावे. नंतर दुरुस्त करता येणार नाही, हे ठाऊक असले की माणूस उजेडाकडे पाहू लागतो.

कोडॅकची ‘कोडाक्रोम’ ही फिल्म १९३५ पासून बाजारात होती. ती बंद करण्याची घोषणा २००९ साली झाली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांना देण्यात आला. त्यात छत्तीस छायाचित्रे मावणार होती. त्यानंतर सदतिसावे कधीच नव्हते. ते न्यूयॉर्कमध्ये फिरले, भारतात आले, मुंबईत अमिताभ बच्चन, नंदिता दास आदी चित्रपटकलावंतांची आणि राजस्थानात रबारी समाजातील लोकांची छायाचित्रे त्यांनी त्या रोलवर घेतली. जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी तो रोल धुतला गेला. कोडाक्रोम धुणारी ती जगातील शेवटची प्रयोगशाळा होती.

स्वाध्याय

१. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू काळे आणि आकाश पांढरे का दिसते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

२. ‘डिजिटल संवेदक या बाबतीत स्लाइडचा भाऊ आहे’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

३. ‘शर्ली कार्ड’विषयी वाचून तुम्हाला काय वाटले? तुमच्या घरातील एखाद्या छायाचित्राच्या आधारे लिहा.

४. कृती : रंगाचा तोल ‘डेलाइट’वर, आयएसओ ४०० वर आणि एकच रूप कायम ठेवून एका दिवसात फक्त छत्तीस छायाचित्रे काढा. दिवस संपेपर्यंत कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती पाहू नका. जागा तुमच्या परिसरातील बाजार, बसस्थानक किंवा शाळा असावी. प्रत्येक छायाचित्राची वेळ आणि उजेडाची दिशा वहीत नोंदवा.

५. कृती : घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे कृष्णधवल छायाचित्र लाल फिल्टरने, हिरव्या फिल्टरने आणि फिल्टर न लावता, असे तीनदा काढा. तिन्ही छायाचित्रे त्यांनाच दाखवा, आपले वाटणारे कोणते ते विचारा, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.